माउस हलवला की काट्याचं वजन गोठतं, कॉम३ ला कोणता आयआरक्यू द्यायचा?

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या कळमना बाजारातल्या आडतीवर विंडोज ९८ चा जुना पेन्टियम आहे. कॉम१ ला (कॉम म्हणजे सिरियल पोर्ट) सिरियल माउस, कॉम२ ला डिस्प्ले, आणि वेगळ्या आयसा (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या) कार्डावरच्या कॉम३ ला वजनकाटा. माउस हलवला की वजन येणं बंद. ही लक्षणं पाहता मला काट्यात दोष वाटत नाही, तो बदलण्यावर पैसे घालू नका.

कॉम१ आणि कॉम३ चे पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८. पण दोघांचा ठरलेला आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, एकच, ४. (कॉम२ आणि कॉम४ तसेच ३ वर.) आयसामध्ये ही तार शून्यावरून वर चढते तो क्षणच इंटरप्ट कंट्रोलर (या हाका ऐकणारी चिप) टिपतो. एका पोर्टने ती वर धरून ठेवली असेल तर दुसऱ्याची हाक त्याला कळतच नाही. इकडे ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला ९६० पर्यंत अक्षरं येत राहतात. कार्डावर ८२५० किंवा १६४५० चिप असेल तर तिच्यात एकाच अक्षराची जागा. ते वेळेत उचललं नाही की पुढचं त्यावर येऊन पडतं. १६५५०ए मध्ये १६ अक्षरं मावतात, तरी मूळ भांडण तसंच राहतं.

म्हणून कार्डाला स्वतःचा आयआरक्यू द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या 'कॉम्प्युटर'वर डबल क्लिक केलं की वापरातल्या आयआरक्यूंची यादी दिसते. साउंड कार्ड नसेल तर ५ बहुधा मोकळा असतो. ७ प्रिंटर पोर्टचा, तो मी शेवटी धरेन.

मशीन बंद करून कार्ड काढा. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, त्यामुळे आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पत्त्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) ३ई८ वरच राहू द्या, आयआरक्यूचा ४ वरून उचलून ५ वर बसवा. ५ वर नवा जंपर लावून ४ चा तसाच ठेवला तर दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातात. ही चूक फार होते.

मग बायॉस, म्हणजे मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज. अवॉर्ड बायॉस असेल तर 'पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन'मध्ये 'रिसोर्सेस कंट्रोल्ड बाय' मॅन्युअल करा आणि आयआरक्यू ५ ला 'लेगसी आयसा' द्या, नाहीतर एखादं पीसीआय कार्ड तो बळकावेल. घड्याळ मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेलही आत्ताच बदला, नाहीतर हे सेटिंग पुसलं जाईल.

शेवटी विंडोजमध्ये कॉम३ च्या 'रिसोर्सेस'मध्ये 'युज ऑटोमॅटिक सेटिंग्ज'ची खूण काढून पत्ता ३ई८, आयआरक्यू ५ भरा. विंडोज बदलू देत नसेल तर तिथल्याच यादीतलं दुसरं 'बेसिक कॉन्फिगरेशन' निवडून पाहा.

रीस्टार्टनंतर बिलाचा प्रोग्राम बंद ठेवून हायपरटर्मिनलमध्ये (पोर्टवर येणारी अक्षरं दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) कॉम३ उघडा, कारण एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. आता माउस गोल गोल फिरवत वजन बघा. अक्षरं येतात पण वेडीवाकडी, तर बॉड किंवा पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) काट्याशी जुळत नाही. काहीच येत नाही किंवा अडखळत येतं, तर जंपर आणि विंडोजमधला आकडा एकच आहे का ते पुन्हा तपासा.