गाडीत राहिलेलं पिस्तूल आणि मिनेसोटाची थंडी

प्रश्न: मी मिनियापोलिसजवळ राहतो, सिटिझन आहे, परमिट टू कॅरी (पिस्तूल सोबत बाळगायचा परवाना) आहे. ऑफिसात गन आणायला बंदी, म्हणून सकाळी पार्किंगमध्ये पिस्तूल ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतो आणि संध्याकाळी घरी नेतो, कधी कंटाळा आला की रात्रभर तिथेच राहतं. पार्किंग उघड्यावर आहे. ९ एमएम आहे, वर रेड डॉट (नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी बॅटरीवरची काच) लावलाय. थंडीने पिस्तूल खराब होतं का? मित्र म्हणतो बारूद गारठलं की गोळी फुसकी निघते.

उत्तर: मित्राला सांगा, एवढं काही होत नाही. थंडीत बारूद जरा सावकाश जळतं, गोळीचा वेग थोडा कमी होतो, पण चांगल्या कंपनीची काडतुसं थंडीने फुसकी होत नाहीत. ३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसमध्ये मायनस २८ फॅरनहाइट झालं होतं, त्या रात्री गाडीत राहिलेल्या गोळ्यांनाही नुसत्या गारठ्याने काही झालं नसणार. गोळ्यांना खरा त्रास उन्हाळ्यात बंद गाडीत होतो, पण तेव्हा कोणी पत्र पाठवत नाही.

पिस्तुलाचं म्हणाल तर बाहेर गार पडलेलं लोखंड बाहेर गंजत नाही, घरात आणल्यावर गंजतं. बाहेरून किचनमध्ये शिरलात की चष्म्यावर वाफ धरते ना, तीच वाफ स्लाइडवर (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग), बॅरलच्या आत, मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या डबीच्या) स्प्रिंगवर धरते, फक्त चष्मा आपण पुसतो आणि पिस्तूल तसंच कपाटात जातं. त्यात घरात ह्युमिडिफायर चालू, गॅसवर वरण शिजतंय, म्हणजे दमटपणा आयताच. आणि तेच ओलं पिस्तूल सकाळी परत मायनस वीसमध्ये गेलं की आतलं पाणी गोठतं. स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाला मागून ठोकणारी पिन, ज्या खोबणीत पुढे-मागे होतो तिथे बर्फ धरला तर ट्रिगर ओढूनही स्ट्रायकरचा फटका नीट बसत नाही. तुमची रोजची सकाळ-संध्याकाळ ने-आण म्हणजे नेमकं हेच चाललंय.

उपाय सोपा आहे. घरी आणताना पिस्तूल बंद केसमध्येच आणा आणि आल्या आल्या केस उघडू नका, कुलूप लावून पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी दोन-तीन तास तशीच राहू द्या, म्हणजे वाफ केसवर धरते, पिस्तुलावर कमी. मग रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबर (बॅरलमागची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, स्लाइड उतरवून सगळं कोरड्या फडक्याने पुसा. मॅगझिनसुद्धा, ते सगळे विसरतात. केसमधला फोम ओला राहिला तर तो पाणी धरून ठेवतो, म्हणून अशा फोममध्ये पिस्तूल महिनोन् महिने ठेवू नका, सिलिका जेलची पुडी टाका आणि अधूनमधून बदला.

तेल कमी. हे मी दर हिवाळ्यात लिहितो आणि तरी लोक ऑक्टोबरात थबथबून तेल घालतात आणि जानेवारीत स्लाइड जड झाली म्हणून ओरडतात. जाड तेल आणि ग्रीस थंडीत घट्ट होतं, स्लाइड आळसावते, गोळी नीट चढत नाही. जुनं तेल सगळं काढा, थंडीत पातळ राहणारं सिंथेटिक तेल रुळांवर थेंबभर लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. स्ट्रायकरची खोबण कोरडीच ठेवा, बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही तेच लिहिलेलं असतं. आणि गॅरेजमधलं डब्ल्यूडी-४० उचलू नका, ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, पिस्तुलाचं तेल म्हणून नाही.

रेड डॉटची नाण्यासारखी बॅटरी लिथियमची असते, ती बरीच तग धरते पण गारठ्यात जोर कमी होतो, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर नवीन घाला. काचेवर वाफ धरली की डॉट पसरट दिसतो, तो बिघाड नाही.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो, कारण मला त्याचीच जास्त काळजी आहे. ग्लोव्ह बॉक्स ही तिजोरी नाही. काच फोडली की चोर आधी तिथेच हात घालतो. एटीएफच्या (बंदुकांवर देखरेख करणारी फेडरल संस्था) अहवालाप्रमाणे २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत सामान्य नागरिकांकडून दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्या, आणि गाड्या ही त्यातली मोठी जागा आहे. हिवाळ्यात तर आपण सकाळी गाडी गरम करायला चालू ठेवून आत चहा प्यायला जातो! म्हणून सीटखाली स्टीलचा छोटा बॉक्स बसवा, जाड केबलने सीटच्या फ्रेमला बांधा, आणि साध्या किल्लीचं कुलूप घ्या. कीपॅडमधले अल्कलाइन सेल थंडीत दगा देतात, फिंगरप्रिंटचं गारठलेल्या बोटांशी जमत नाही.

आणि रोज पार्किंगमध्ये पिस्तूल रिकामं करत-भरत असाल तर ते थांबवा. जाड हातमोजे, अरुंद सीट, घाई, अशातच नको तेव्हा गोळी सुटते. शिवाय तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवली की टोक काडतुसात आत सरकतं आणि दाब धोकादायक वाढू शकतो. तुमच्याकडे परमिट आहे, त्यामुळे होल्स्टरसकट बॉक्समध्ये ठेवा, ट्रिगर झाकलेला राहतो. मिनेसोटात ऑफिसला इमारतीत बंदी घालता येते पण पार्किंगमध्ये कायदेशीर बाळगलेल्या गनला नाही, त्या बाबतीत निश्चिंत असा. रात्री मात्र घरीच आणा, कंटाळा आला तरी. आणि लाँग वीकएंडला विनिपेगला निघालात तर बॉक्स रिकामा आहे का ते बॉर्डरच्या खूप आधी बघा, कॅनडा हॅन्डगनच्या बाबतीत "राहून गेली" ऐकून घेत नाही.

प्रश्न: काका, आम्ही डेन्व्हरला. ह्यांचं पिस्तूल गाडीच्या कन्सोलमध्ये असतं. आता सासूबाई-सासरे पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर येतायत, सासरे इथे गाडी चालवणार म्हणतात. काही अडचण?

उत्तर: ताई, दोन अडचणी आहेत. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५पासून माणूस नसलेल्या गाडीत हॅन्डगन ठेवायची तर कुलूपबंद, कडक बाजूंच्या पेटीत, बाहेरून दिसणार नाही अशी, आणि गाडीही लॉक केलेली लागते. बिनकुलपाचं कन्सोल चालणार नाही.

दुसरी जास्त गंभीर. फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट (कायम राहण्यासाठी नसलेल्या) व्हिसावरच्या माणसाला गन किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. व्हिजिटर त्यातच येतात, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या नवरा-बायको-मुलांचा) पण त्यातच. आणि बाळगणं म्हणजे खिशातच असायला हवं असं नाही, गन आहे हे माहीत आणि हाताच्या अंतरावर, एवढ्यावरूनही वकील-पोलीस प्रकरण होऊ शकतं. सासऱ्यांच्या हातात गाडीची किल्ली आणि कन्सोलमध्ये पिस्तूल हे नकोच. ते येण्याआधी पिस्तूल घरातल्या सेफमध्ये हलवा, गोळ्याही, डिक्कीतला जुना बॉक्स धरून, आणि सेफचा आकडा फक्त ह्यांच्याकडे राहू दे. घरात अजून कोणी एच-४वर असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या, फी जरा चावते पण विचाराच.