आवाजाचं बटण कुणाच्या हातात?

प्रश्न : ताई, माझा आठ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. बोलतो मोजके पाच-सहा शब्द. पण एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी गुणगुणतो, सूर जराही हलत नाही. आणि हाच मुलगा मिक्सर लावला की कानांवर हात दाबून थरथरतो. आवाजाची इतकी ओढ असलेल्याला आवाजाची इतकी भीती कशी? आम्हाला एकांनी हेडफोनवरून खास बदललेलं संगीत ऐकवायचा कोर्स सुचवलाय, दहा दिवस, रोज दोनदा अर्धा-अर्धा तास. चारी बाजूंनी आवाज येणाऱ्या ‘इमर्सिव्ह’ खोल्यांबद्दलही ऐकतो. काय करावं? – एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘हाच मुलगा’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. गेली बावीस वर्षं मी ऑटिस्टिक मुलांसोबत आणि मोठ्यांसोबत संगीतोपचाराचं काम करते. किती आयांनी मला हेच विचारलंय! अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमबद्दलचा आपला गाजलेला लेख लिहिला. त्यातला डोनल्ड नावाचा मुलगा वर्षाचा असतानाच कितीतरी चाली अचूक गुणगुणायचा. आणि त्याच लेखात मुलं कशाकशाला घाबरायची तेही आहे: लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र. तुमचा मिक्सर त्याच यादीत बसतो. ओढ आणि भीती एकाच कानाची आहेत.

फरक पडतो तो अंदाजाने. ओळखीच्या चालीत पुढचा सूर कोणता, सम कधी येणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं. मिक्सर न सांगता सुरू होतो, एकदम पूर्ण जोरात, आणि कधी थांबेल ते कळत नाही. शिवाय पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण आपलं मन आपोआप मागे सारतं. बरेच मोठे ऑटिस्टिक लोक सांगतात की त्यांच्याकडे हे सगळे आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने येऊन आदळतात. म्हणून ‘सवय होईल’ असं म्हणत त्याला मिक्सरजवळ उभं करू नका, हात जोडून सांगते.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले होते. बासरीचा संथ तुकडा त्यातून खोलीभर फिरत राहायचा आणि मला ते फार शांत, सुंदर वाटायचं. एक सहा वर्षांची मुलगी आत आली. आवाज तिच्या पाठीमागे गेला मात्र, ती टेबलाखाली शिरली आणि रडायला लागली. ते संगीत शांत आहे हे मीच ठरवलं होतं, तिला विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी मागचे दोन स्पीकर बंद केले आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण तिच्या हातात दिलं. तिने ते जवळजवळ शून्यावर नेलं. दोन आठवडे तसंच. तिसऱ्या आठवड्यात तिने आपणहून आवाज थोडा वाढवला, स्पीकरला गाल लावला आणि त्याची थरथर अनुभवत बसून राहिली. तेव्हापासून माझ्या खोलीत ते बटण माझ्याकडे नसतं.

इमर्सिव्ह ध्वनीचा विचार मी याच कसोटीवर करते. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने, आणि थोडा मंद होऊन. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. संगणक हाच फरक हेडफोनमध्ये तयार करतो. त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता बाहेर, एका ठरावीक जागी आहे असं वाटतं, आणि मग नको असलेला आवाज दूर ‘ठेवता’ येतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी असा एक आभासी खेळ तयार केला आहे. त्रास देणारे आवाज त्यात खेळता खेळता, हळूहळू भेटतात. प्रयोग अजून लहान आहेत, पण दिशा मला पटते. तुम्ही अशी खोली पाहायला गेलात तर आधी एवढंच विचारा: आवाज आणि दिवे मुलाला स्वतः बंद करता येतात का? दार उघडं राहतं का? उत्तर ‘नाही’ आलं तर परत फिरा.

तो दहा दिवसांचा कोर्स मात्र नको. वर्णनावरून ती गी बेरार या फ्रेंच डॉक्टरांची जुनी पद्धत वाटते. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात तिचा उपयोग होतो याचा पुरेसा पुरावा सापडला नाही.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दलही सरळ सांगायला हवं. ९ देशांतल्या ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने ऑटिझमची सामाजिक लक्षणं संगीतोपचार न मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक घटली नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. २०२२ मध्ये कॉक्रेनने २६ अभ्यास, एकूण १,१६५ जण, एकत्र पाहिले. त्यात एकंदर सुधारणा आणि जगण्याची गुणवत्ता यांत फायदा दिसला, बोलण्यात ठाम फरक दिसला नाही. त्यामुळे ‘संगीताने बोलायला लागेल’ असं वचन मी तुम्हाला देणार नाही.

घरी काय कराल? तो गुणगुणेल तेव्हा त्याच्याच षड्जावर, हळू आवाजात तीच ओळ परत म्हणा. शेवटचा सूर सोडून द्या आणि वाट पाहा. मनात दहा मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांतच घाई करतो. त्याने सूर पूर्ण केला तर तो तुमच्या दोघांचा संवाद झाला. नाही केला, किंवा तो उठून गेला, तरी तेही उत्तरच आहे.

मिक्सरसाठी आधी तोच आवाज फोनवर रेकॉर्ड करा. अगदी हळू ठेवा, सुरू आणि बंद त्यालाच करू द्या. खरा मिक्सर लावताना रोज त्याच चालीत ‘एक, दोन, तीन’ म्हणा, आणि त्याला दुसऱ्या खोलीत जायचं असेल तर जाऊ द्या. कान झाकायचे मफ जवळ असू द्यात, पण शांत घरातही दिवसभर नकोत. सतत शांततेत राहिलेल्या कानाला साधे आवाजही मोठे वाटू लागतात.

प्रश्न : मी २७ वर्षांचा ऑटिस्टिक तरुण आहे. कामावर दिवसभर हेडफोन लावून एकच तुकडा ऐकतो, कधी चाळीस वेळा. घरचे म्हणतात हे वेड सोड. आणि तुम्ही ‘स्वमग्न’ हा शब्द का वापरत नाही?

उत्तर : सोडू नका. तो तुकडा तुमच्याभोवती ओळखीची भिंत उभी करतो, म्हणून तुम्ही आत बसून काम करू शकता. काळजी फक्त आवाजाच्या पातळीची घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, लहानांसाठी ७५. बरेच फोन ही पातळी दाखवतात. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन घेतलेत तर संगीत बरंच खाली आणता येईल.

‘स्वमग्न’बद्दल: या शब्दातून माणूस स्वतःत बुडालाय, त्याला बाहेरचं काही पोचत नाही असं वाटतं. माझ्या खोलीत येणाऱ्यांना बाहेरचं नको इतकं पोचत असतं. म्हणून मी ‘ऑटिस्टिक’ म्हणते. तुम्हाला दुसरा शब्द आवडत असेल तर कळवा, तुमच्याबद्दल लिहिताना मी तोच वापरेन.