उन्हाळ्यात हार्टरेट चढतो, वेग पडतो: फिटनेस गेला का?

भाऊ, फिटनेस कुठं गेला नाही. तुमचं म्हणणं असं, की जालना-राजूर रोडवर फेब्रुवारीत सायकलच्या ज्या वेगाला हार्टरेट १५० च्या आत राहायचा, त्याच वेगाला आता १६० च्या वर जातो. एप्रिलच्या मध्यात १०० किलोमीटरची रेस आहे. मग सवय व्हावी म्हणून भरदुपारी सायकल काढू का, असं तुम्ही विचारलंय.

दुपारी काढू नका. आणि तो वाढलेला आकडा उन्हाचा आहे, तुमच्या पायांचा नाही. अंग थंड ठेवायला शरीर बरंचसं रक्त कातडीकडं पाठवतं. वर घामानं रक्तातलं पाणी कमी होतं. दर ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) नसेल तर मार्च ते मे स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या अॅपवरचा सरासरी वेग बघून मनाला लावून घेऊ नका. हार्टरेटची हद्द धरून चालवा, वेग पडला तर पडू द्या. लोक नेमकं उलटं करतात, फेब्रुवारीचा वेग धरून ठेवतात आणि दोन आठवड्यांत पार गळून जातात.

आता सवयीचं. ती होते, आणि बरीच लवकर होते. १० ते १४ दिवस रोज थोडा वेळ उन्हात घाम काढला की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं. रेसच्या तीनेक आठवडे आधी संध्याकाळी पाचच्या सुमारास निघा. आपल्याकडं तेव्हाही झळा चांगल्याच असतात. पहिले दोन-तीन दिवस अर्धा तास, मग हळूहळू तास-सव्वा तास, तेही बोलता येईल इतक्या सैल गिअरवर. इंटर्वल (जोरात-सावकाश आलटून पालटून), चढाचे फेरे, ग्रुप राइड हे सगळं पहाटेच ठेवा. दोन्ही एकाच दिवशी करू नका. ही सवय सोडली की दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणून फेब्रुवारीत करून ठेवण्यात अर्थ नाही. बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाण्याचं गणित मात्र घरीच करा. तासभराच्या राइडआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात प्यालेलं पाणी मिळवा. आपली हवा कोरडी, घाम दिसायच्या आत उडतो आणि माणसाला वाटतं आज घामच नाही आला. घरी येऊन काळी जर्सी बघा, मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात. नुसतं पाणीच पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते तहानेइतकंच धोक्याचं. मेडिकलमधली ओआरएसची पुडी लिटरला एक, पुडीवर लिहिलंय तशीच. टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं अशा पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायलाच बंदी घातली. ओआरएसमध्ये साखर लिटरला १३.५ ग्रॅमच, त्यावर रेस निघत नाही. खजूर, केळी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू खिशात हवाच. रसवंतीवरचा रस रेस झाल्यावर प्या, आणि बर्फाशिवाय मागा.

याच कोरड्या हवेचा एक फायदा आहे. डोक्यावर, मानेवर, पाठीवर पाणी ओतलं की ते पटकन उडतं आणि खरंच गार वाटतं. मुंबईच्या दमट हवेत याचा एवढा उपयोग होत नाही, त्यामुळं तिकडच्या मंडळींनी ‘पाणी ओतून काही होत नाही’ म्हटलं तर मनावर घेऊ नका. रेसमध्ये एक बाटली पिण्याची, दुसरी साधं पाणी अंगावर घ्यायची. पहिला तासभर बंचमध्ये, म्हणजे सायकलींच्या घोळक्यात, लपून राहा. वाऱ्याला पुढं येऊन ओढायचा मान ज्याला हवाय त्याला देऊन टाका.

उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजली किंवा चक्कर आली की सायकल आडवी टाका आणि सावलीत अंग भिजवा. सोबतचा असंबद्ध बोलायला लागला तर भिजवायला सुरुवात करून लगेच १०८ लावा. इथं रेस संपली असं समजायचं.

पहाटे साडेपाचला निघणार असाल तर मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट घालूनच. कारखान्याचा हंगाम लांबला की बिनदिव्याच्या ऊस ट्रॉल्या असतात, आणि लग्नसराईत रात्रभर जागलेले ड्रायव्हर वऱ्हाड घेऊन परतत असतात. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारे वाटेवर असतात, त्या दिवशी दुसरा रस्ता धरा. समृद्धी महामार्गाच्या गुळगुळीत रस्त्याचा मोह नको, तिथं सायकलला परवानगीच नाही.

मे मध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे (लांब पल्ल्याची सायकल राइड) करू का, हे तुम्ही जाता जाता विचारलंय. पहिलीच असेल तर माझ्या मते करू नका. ती रेस नसते, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. पण सहाला सुरू केली तर बारा ते चारचं ऊन पूर्ण अंगावर येतं. दिवाळीनंतर करा.

आणि हो, उन्हानं टायर फुटतो म्हणून हवा निम्मी करू नका. पहाटे १०० पीएसआय भरली तर तापल्यावर सात-आठनं वाढेल, चांगल्या टायरला त्याचं काही नाही. झिजलेला टायर आणि वेड्या बाभळीचा काटा हेच पंक्चर करतात. दोन ट्यूब ठेवा. रेसचा मार्ग इथं टाका, चढ बघून मागचं कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरचक्रांचा संच) कुठलं लावायचं ते सांगतो.