जर्मनीत जोखीम कोण उचलतो?

पुण्यातील नोकरी सोडून पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह स्टुटगार्टला येण्यापूर्वी, जर्मन माणूस जोखीम घ्यायला घाबरतो हे खरे का, असे तुम्ही विचारले आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. ज्या देशाने 2023 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्याही बंद केल्या, त्याच देशात ऑटोबान या द्रुतगती महामार्गांच्या कितीतरी टप्प्यांवर आजही वेगमर्यादा नाही. माझ्या मुलाच्या बालवाडीत चार-चार वर्षांची मुले बाईंसमोर बसून खऱ्या चाकूने काठ्या तासत असत. बोट कापले तर पट्टी बांधायची आणि काम पुढे चालू. तुमची मुलगी पहिलीत गेली की तिला शाळेत एकटी चालत पाठवा, असे तुम्हालाही सांगितले जाईल, आणि सुरुवातीला जीव खालीवर होईल.

खरा फरक संकटाचा भार कोणी उचलायचा यात आहे. आपल्याकडे नोकरी गेली तर सासरे, भाऊ, मित्र धावून येतात, प्रसंगी घरातले सोने गहाण पडते. या आधारावरच आपण बेधडक निर्णय घेतो. इथे तो भार विमा आणि कायदा उचलतात. सायकल चालवताना तुमच्या चुकीने कोणी जखमी झाले, तर त्याच्या उपचारांची आणि बुडालेल्या पगाराची भरपाई तुमच्यावर येते, आणि तिला कायद्याने वरची मर्यादा नाही. म्हणूनच ‘हाफ्टफ्लिश्ट’ हा दायित्व विमा सक्तीचा नसूनही बहुतेक घरांत असतो. वर्षाला साधारण शंभर युरोंच्या आत मिळणारा हा विमा संपूर्ण कुटुंबासाठी पहिल्याच आठवड्यात घ्या.

पहिल्या वर्षाची मात्र मला तुमच्यासाठी काळजी वाटते. नोकरीत सहा महिन्यांपर्यंत परिवीक्षा असते आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येते. बेकारभत्ता मिळण्यासाठी मागील तीस महिन्यांत किमान बारा महिने विमाहप्ते भरलेले असावे लागतात. म्हणजे नातेवाईक दूर राहिलेले आणि इथले संरक्षण अजून लागू न झालेले, असा हा काळ आहे. तेव्हा सहा महिन्यांचा घरखर्च युरोंमध्ये बाजूला ठेवूनच निघा, आणि पुण्यातील घर एवढ्यात विकू नका.