१९६०च्या दशकातील एमजीबी पुन्हा बांधताना मूळ नट-बोल्ट, स्क्रू आणि क्लिपा कुठून मिळवाव्यात?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. १९६०च्या दशकातील एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, पूर्ण सुटी करून पुन्हा बांधताना मूळचे नट-बोल्ट आणि क्लिपा कुठे शोधाव्यात, हाती आलेला बोल्ट खरोखर त्या गाडीच्या जातीचा आहे हे कसे ओळखावे, आणि गंजाची कटकट नको म्हणून सरसकट स्टेनलेस स्टील वापरले तर काय बिघडेल. मूळ बोल्टांचा सर्वांत मोठा साठा तुमच्या गाडीवरच आहे, असे माझे मत आहे. आधीच्या मालकांनी बरेच बदल केले असले तरी निम्म्याहून अधिक सामान बहुधा कारखान्यातलेच असते. फक्त ते गंज, ग्रीस आणि रंगाखाली ओळखू येत नाही. त्यामुळे शोधाला निघण्यापूर्वी आहे ते ओळखणे, वाचवणे आणि नेमके काय कमी आहे याची यादी करणे, हेच खरे काम आहे.

गाडी सुटी करताना एका भागाचे बोल्ट एका पिशवीत ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात एवढीच भर घालतो की वॉशर, स्प्रिंग वॉशर आणि नट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्या बोल्टवर परत चढवून ठेवावेत. पाण्याचा पंप किंवा टायमिंग कव्हर अशा ठिकाणी बोल्टांच्या लांबी वेगवेगळ्या असतात, म्हणून पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवणे सोयीचे पडते. तुटलेला किंवा चुकीचा बोल्टही फेकू नये, कारण जागा, लांबी आणि व्यास यांचा तो पुरावा असतो.

आता ओळखीकडे वळू. पिच गेज (लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, मोजणारे) आणि व्हर्निअर कॅलिपर ही दोन साधने नसतील तर पुढचे सगळे अंदाजपंचे होते. एमजीबी हे मॉडेल १९६२ साली आले आणि तिच्यात मुख्यतः यूएनएफ आटे आहेत. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एकत्रितपणे स्वीकारलेल्या ‘युनिफाइड’ इंची आट्यांपैकी ही बारीक आट्यांची मालिका असून तिचा कोन ६० अंशांचा आहे. पाव इंची बोल्टवर प्रति इंच २८ आटे असतात, ५/१६ आणि ३/८ इंची बोल्टवर २४. त्याआधीच्या ब्रिटिश गाड्यांत बीएसएफ (बारीक) आणि व्हिटवर्थ (जाड) हे जुने ब्रिटिश आटे होते. त्यांचा कोन ५५ अंशांचा आणि पानेही वेगळे. गोंधळ कुठे होतो ते पाहा: पाव इंची यूएनसी (युनिफाइडचीच जाड आट्यांची मालिका) आणि पाव इंची व्हिटवर्थ या दोहोंवर प्रति इंच २० आटेच असल्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर सहज चढतो, परंतु आट्यांचे कोन जुळत नसल्याने पकड अर्धवट राहते आणि ताण पडल्यावर आटे जाऊ शकतात.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या भागांत आणखी एक प्रकार भेटेल, तो म्हणजे बीए (ब्रिटिश असोसिएशन). त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा. २ बीए स्क्रूचा व्यास सुमारे ४.७ मिलिमीटर आणि पिच ०.८१ मिलिमीटर असते, तर १०-३२ यूएनएफ स्क्रूचा व्यास ४.८३ आणि पिच ०.७९. त्यांच्या शेजारी मेट्रिक एम ५ (५ मिलिमीटर व्यासाचा) ठेवला तर त्याची पिच ०.८. हे तिन्ही स्क्रू तळहातावर ठेवल्यास डोळ्यांना फरक कळत नाही. त्यामुळे पितळी टर्मिनलमध्ये कुणीतरी चुकीचा स्क्रू दाबून बसवलेला असणे, हा जुन्या गाड्यांत नेहमी आढळणारा प्रकार आहे. बाहेरून बदललेला बोल्ट ओळखण्याची झटपट खूण पान्यात सापडते. ५/१६ यूएनएफ बोल्टच्या डोक्याला अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. त्या जागी तो बसत नसेल आणि १३ चा घट्ट बसत असेल, तर तिथे एम ८ घुसवलेला आहे असे समजून भोकाचे आटे आधी तपासावेत. (युद्धोत्तर टी मालिकेतली जुनी एमजी कधी हाती आली तर हे सगळे नियम बाजूला ठेवावे लागतील. तिच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ पान्याची आहेत. मॉरिसने कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना १९२३ साली घेतला, त्याचा हा वारसा. तिथला ८ मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर पिचचा बोल्ट ५/१६ यूएनएफ नटमध्ये छान सुरू होतो आणि काही फेऱ्यांतच अडकतो.)

कारखान्याचा मूळ पार्ट कॅटलॉग, म्हणजे दुरुस्तीचे पुस्तक नव्हे तर सुट्या भागांच्या आकृत्यांची यादी, मिळवणे हा या कामातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे. तिच्यातल्या क्रमांकांतच बोल्टचे माप दडलेले असते. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, त्या वेळची एमजीची मालक कंपनी) हिच्या काळातला ‘एचबीझेड ०५१२’ हा क्रमांक घ्या. एचबी म्हणजे षट्कोनी डोक्याचा बोल्ट, झेड म्हणजे यूएनएफ, ०५ म्हणजे इंचाचे पाच सोळांश, आणि १२ म्हणजे बारा सूत, अर्थात दीड इंच लांबी. पुढे ब्रिटिश लेलँडच्या काळात हाच बोल्ट ‘बीएच ६०५१२१’ झाला. त्यात ६ हा अंक यूएनएफचा, ०५ व्यासाचा आणि १२ पुन्हा सुतांचा. सुरुवातीला बीएचऐवजी एसएच असेल तर तो सेटस्क्रू, म्हणजे डोक्यापर्यंत आटे असलेला. ‘एसएच १०८२०१’ असा क्रमांक दिसला तर १ हा मेट्रिकचा अंक असून तो ८ मिलिमीटर व्यासाचा, २० मिलिमीटर लांबीचा स्क्रू आहे. एवढी किल्ली हाती आली की विक्रेत्याकडे ‘एमजीबीचा बोल्ट’ न मागता नेमके माप मागता येते. तोच बोल्ट त्या काळच्या इतर अनेक ब्रिटिश गाड्यांना लागत असल्याने शोधाचे क्षेत्रही एकदम रुंदावते.

बोल्ट आणि सेटस्क्रू यांतला भेद लोक फार हलक्यात घेतात. सस्पेन्शनच्या ज्या सांध्यात भार आडवा पडतो तिथे बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत दांडा भोकात बसणे अपेक्षित असते. त्या जागी डोक्यापर्यंत आटे असलेला स्क्रू लावला तर भार आट्यांच्या टोकांवर येतो, ती झिजतात आणि सांधा खुळखुळू लागतो. डोके बाहेरून सारखेच दिसत असल्यामुळे हा दोष बोल्ट काढल्याशिवाय सापडत नाही.

डोक्यावरच्या खुणा वाचायला शिकावे. ब्रिटिश बोल्टांवर एकमेकांना चिकटलेली वर्तुळे किंवा माथ्यावर गोल खोलगट भाग दिसला तर ती युनिफाइड आट्यांची खूण आहे. आर, एस, टी यांसारखी अक्षरे पोलादाची ताकद सांगतात. अमेरिकन बोल्टवर तीन रेषा म्हणजे ग्रेड ५ आणि सहा रेषा म्हणजे ग्रेड ८. मेट्रिकमध्ये ८.८ किंवा १०.९ असे आकडे येतात. निर्मात्याचे नाव किंवा चिन्हही माथ्यावर असते आणि काटेकोर पुनर्बांधणीत परीक्षक नेमके तेच पाहतात. स्क्रूंच्या खाचेवरूनही काळ कळतो. फिलिप्स खाच १९३०च्या दशकापासून गाड्यांत आली, पण चार फाट्यांच्या मधोमध बारीक रेघा असलेली पोझिड्राइव्ह ही १९६०च्या दशकातली, आणि टॉर्क्स त्याहून नंतरची. त्यामुळे १९५५ सालच्या गाडीच्या डॅशबोर्डवर पोझिड्राइव्ह स्क्रू दिसला तर तो नंतर बसवलेला आहे, यात वाद नाही.

आता प्लेटिंगविषयी. माझ्या मते बहुतेक पुनर्बांधण्या इथेच फसतात. त्या काळात कॅडमियम, झिंक, काळे फॉस्फेट आणि काही ठिकाणी नुसता रंग अशा वेगवेगळ्या पद्धती एकाच गाडीत असत. सगळे बोल्ट एकत्र चकचकीत झिंक करून आणले की गाडी नवी दिसते, पण मूळची दिसत नाही. कुठे काय होते याचा पुरावा गाडीच देते: वॉशरखालची कडी, डोक्याची खालची बाजू, दाराच्या आतले आणि आच्छादनामागचे स्क्रू, जिथे हवा-पाणी पोहोचले नाही. अशा जागी कॅडमियमचा मऊ, किंचित राखाडी पांढरेपणा किंवा फॉस्फेटचा काळसर खरखरीतपणा अजून शिल्लक असतो. तो पुसण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा. दाराच्या बिजागरीसारखे जे बोल्ट रंगकामाच्या आधीच बसवले जात, त्यांची डोकी गाडीच्याच रंगाची असतात. तिथे चमकता बोल्ट लावणे म्हणजे मूळ पुसून सुधारणा करणे.

जुने बोल्ट साफ करताना वेगाने फिरणाऱ्या तारेच्या ब्रशने माथ्यावरची अक्षरे बोथट होतात, म्हणून आधी ग्रीस काढून मग गंज विरघळवणाऱ्या सौम्य द्रावणात भिजत ठेवणे बरे. कॅडमियमचा लेप असलेला बोल्ट घासू नये आणि गॅसच्या ज्योतीने तापवू तर मुळीच नये, कारण ती धूळ आणि धूर दोन्ही विषारी आहेत. प्लेटिंगला देताना सगळ्या मालाचा फोटो काढावा, संख्या लिहून द्यावी आणि बारीक वॉशर तारेत ओवून द्यावेत. तसेच उच्च ताकदीचे बोल्ट, म्हणजे १०.९ किंवा ग्रेड ८ आणि त्यापुढचे, वेगळे काढून कारागिराला तसे सांगावे. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता, डोक्याखाली तुटू शकतो. त्यावर उपाय म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत तो साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवावा लागतो. ही सोय नसेल तर असे बोल्ट प्लेटिंगला देऊच नयेत. लेपाची जाडीही ध्यानात घ्यावी. ६० अंशांच्या आट्यांत ८ मायक्रॉनचा थर आट्यांचा प्रभावी व्यास त्याच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉनने वाढवतो. बारीक स्क्रू नंतर नटमध्ये का जात नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

यादीत जे उरेल ते मिळवण्याचा माझा क्रम असा आहे. सर्वांत आधी त्याच मॉडेलची भंगारातली गाडी किंवा तिचे अख्खे जोड, कारण गिअरबॉक्स किंवा सबफ्रेम बोल्टांसकट घेतली की लांबी, वॉशर आणि क्लिपा सगळे एकत्र येते. नंतर बंद पडलेल्या जुन्या गॅरेजांचा आणि घाऊक विक्रेत्यांचा न वापरलेला माल. त्यानंतर त्या काळच्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग विकणारे, कारण इंची आट्यांचे चांगले बोल्ट त्यांच्याकडे अजून असतात. विमानांच्या शिल्लक मालातले एएन (अमेरिकन लष्करी मानकाचे) बोल्ट यूएनएफ आट्यांचे आणि कॅडमियमचे असल्याने मोहात पाडतात, पण त्यांच्या माथ्यावरची फुलीसारखी खूण लगेच परकी दिसते आणि गुळगुळीत दांड्याची लांबीही वेगळी असते. जुन्या डब्यातला माल मूळच असेल असेही नाही. १९८०च्या दशकात ग्रेड ८च्या सहा रेषा ठोकलेले हलके बोल्ट बाजारात इतके आले की अमेरिकेला १९९० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

स्टेनलेसविषयी माझे मत स्पष्ट आहे. नेहमीच्या ए२-७० प्रतीच्या स्टेनलेस बोल्टची तुटण्याची मर्यादा ७०० मेगापास्कल आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा ४५० असते, तर ८.८ बोल्टसाठी हेच आकडे ८०० आणि ६४० आहेत. म्हणजे तेवढ्याच जोराने आवळला तर तो आधी ताणला जाईल. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे एकमेकांत खरडून जाम होतात. नंबर प्लेटला किंवा चिखलपट्टीला लावायचा असेल तर हरकत नाही, पण स्टीअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीट बेल्ट यांच्या जवळपासही तो नको. या चार ठिकाणी मूळपणाचा आग्रहही सोडावा. तिथे योग्य ताकदीचा, विश्वासू निर्मात्याचा नवा बोल्टच हवा, आणि स्प्लिट पिन, टॅब वॉशर व नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट प्रत्येक वेळी नवे. ब्रेकच्या नळीच्या जोडांत विशेष सावध राहा. ३/८ यूएनएफचा जोड एम १० बाय १ च्या भोकात जातो आणि आवळल्यासारखाही वाटतो, पण त्याची पकड खरी नसते.

क्लिपा आणि खास आकाराचे स्क्रू यांचा शोध सर्वांत चिवट असतो. होज क्लिपचा (रबरी नळी आवळणाऱ्या पट्टीचा) जुबिली प्रकार १९२१ पासूनचा असल्याने तो चालून जातो, मात्र पट्टीवरची अक्षरे आणि स्क्रूच्या डोक्याचा आकार काळानुसार बदलत गेला, तेवढे पाहावे. आच्छादनाच्या स्प्रिंग क्लिपा उघडतानाच तुटतात, त्यामुळे प्रत्येक प्रकारची एक तरी अखंड क्लिप नमुना म्हणून जपा आणि विक्रेत्याला फोटोबरोबर पत्र्याची जाडी व भोकाचे माप पाठवा. खांदा असलेला एखादा बोल्ट कुठेच मिळाला नाही तर जुन्यावरून आकृती काढून लेथवर करून घेता येतो. आकृतीत खांद्याचा व्यास भोकावरून घ्यावा, झिजलेल्या बोल्टवरून नव्हे, आणि आट्यांचा प्रकार व पोलादाची प्रत शब्दांत लिहून द्यावी.