म्हाताऱ्याचाच रोल का?

प्रश्न : ताई, जळगावच्या हौशी ग्रुपमध्ये नाटक करतो, वय तीस, पण दरवर्षी स्पर्धेला मला म्हाताराच करायला लावतात. असं एकाच छापाचं करिअर कोणाचं झालंय का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : झालंय ना भाऊ, आणि तो नट मला मनापासून आवडतो. इंग्लंडचा क्लाइव्ह डन, जन्म १९२० चा. बीबीसीवर १९६८ ला 'डॅड्स आर्मी' आली, महायुद्धात गाव राखायला उभ्या राहिलेल्या वयस्कर लोकांची कॉमेडी, त्यात हा लान्स कॉर्पोरल जोन्स, धंद्याने खाटीक, चांगला सत्तरीतला, आणि खरं वय ४८! सोबतचे बरेच नट खरोखरच म्हातारे होते म्हणून पडापडी, धडपड याच्याकडेच यायची, म्हणजे दिसायचं थकलेलं पण अंग लागायचं तरण्या पोराचं, हे किती अवघड ते तुम्हाला स्टेजवर कळतच असेल. त्याच्या आधी 'बूट्सी अँड स्नज' या टीव्ही मालिकेतही तो म्हाताराच होता. युद्ध तर त्याने स्वतः भोगलेलं, १९४१ ला ग्रीसमध्ये पकडला गेला आणि नंतर ऑस्ट्रियात युद्धकैदी. १९७१ ला त्याचं 'ग्रँडॅड' गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. 'डॅड्स आर्मी' १९७७ पर्यंत चालली, पुढे तो पोर्तुगालला राहिला, २०१२ ला वारला.

तुम्ही नुसता आवाज कापरा करू नका. यावल-चोपड्याच्या बाजारात बसलेले बाबा बघा, उठताना आधी हात कुठे टेकतात, कोणाचा गुडघा दुखतो, कोण उगाच घाई करतो, आणि दरवर्षीचा म्हातारा वेगळा करा.