रंग आधी की नकाशा आधी?

प्रश्न : गावभागातल्या आमच्या घरात 'ब्रिटिश इंडिया' असं शीर्षक असलेला फ्रेम केलेला नकाशा आहे. त्यावर जे. टॅलिस हे नाव आहे, कडेने छोटी चित्रं आहेत आणि सगळंच रंगीत आहे. २०१९च्या पुरात खालची कड भिजली, तिथे तपकिरी डाग पडलेत. रंग मूळचा असेल का? लॅमिनेशन करून घ्यावं का? किंमत किती येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. प्लॅस्टिक एकदा गरम होऊन कागदाला चिकटलं की सुटत नाही आणि संग्राहक मग तो नकाशा हातात धरत नाही.

टॅलिस हा लंडनचा नकाशा-प्रकाशक. त्याचा सचित्र ॲटलस १८५१च्या सुमाराचा. पोलादी पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेला, रंग मागाहून हाताने भरलेला, तोही बहुधा सीमारेषांपुरताच. कडेची चित्रं काळीच सोडत. तुमच्याकडे चित्रंही रंगलेली आहेत, म्हणजे ते काम बहुतेक पुढच्या कुणा विक्रेत्याचं. दिवाणखान्यात असा नकाशा खुलून दिसतो, पण दर्दी माणूस त्याला मूळ रंगाचा भाव देत नाही.

खात्रीसाठी दहापट भिंग घ्या आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात सीमेवरचा गुलाबी पट्टा बघा. कुंचल्याचा जलरंग कडेला साचून गडद होतो आणि खालची काळी रेघ अखंड दिसते. गुलाबी, निळे, पिवळे ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची नक्कल, पुढे बघायची गरज नाही. मग मधली घडी. तिथे कागद चिरला असेल आणि चिरेत रंग मुरून आजूबाजूपेक्षा गडद झाला असेल, तर आधी कागद चिरला, रंग नंतर लागला. मात्र ही खूण कोरड्या भागातच शोधा, पुराच्या पाण्यानेही रंग ओघळतो.

साताऱ्याचं राज्य १८४८मध्ये खालसा झालं, म्हणून ते नकाशात दिसतं का यावरून साल काढायचा मोह होतो. पण जुनेच पत्रे थोडेफार दुरुस्त करून प्रकाशक वर्षानुवर्षं वापरत, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

डाग पाण्याने धुवायला जाऊ नका, जलरंग निघून येईल. फ्रेम उघडा, पण कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तेवढं काम कागद-जतन करणाऱ्याकडे द्या. सुटा असेल तर सावलीत पूर्ण वाळवा, मग मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी घराबाहेर झटका. मागचं हार्डबोर्ड काढून टाका, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. आम्लरहित माउंट, म्हणजे नकाशाभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे कागद आणि काच यांत ३-४ मिलिमीटर अंतर राहील. फाटलं असेल तिथे सेलोटेप नको, त्याचा डिंक पुढे तपकिरी होऊन कागदात उतरतो.

किमतीचं म्हणाल तर टॅलिसचे नकाशे दुर्मीळ नाहीत. जुने ॲटलस सोडवून त्यांची पानं सुटी विकली गेली आहेत. डाग छापील चौकटीच्या आत शिरलाय की कोऱ्या समासातच थांबलाय, आणि फ्रेममध्ये बसवायला समास कापलाय का, हे आधी बघा. त्यानंतर याच नकाशाच्या, चित्रं न रंगवलेल्या प्रती लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते शोधा. दुकानदार सांगतो तो भाव धरू नका.